थोपटणं सोपं, कुरवाळणं अवघड

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री दोन वाजता आईचा फोन आला. आई सांगलीला, मी पुण्यात. अशा वेळी फोनवर आईचं नाव दिसलं की उचलेपर्यंतच्या दोन सेकंदांत माणूस काय काय बघून येतो, ते सांगायला नको. आई म्हणाली, "अगं, ताईला फोन लाव जरा. ती बरी आहे ना? माझ्या हातात सारखं थरथरतंय."

थरथरत होता तो एक पट्टा. ताई न्यू जर्सीला असते. मार्चमध्ये आली तेव्हा तिने आईला हा पट्टा दिला आणि त्याचा जोडीदार स्वतःच्या मनगटावर ठेवला. दिसतो घड्याळासारखा, पण वेळ दाखवत नाही. ताईने तिच्या पट्ट्यावर बोट टेकवलं की इकडे आईच्या मनगटाला थरथर जाणवते. बोट जितका वेळ, थरथर तितका वेळ. "आठवण आली की बोट लावेन," असं ताई सांगून गेली होती. त्या दिवशी तिकडे दुपारचे साडेचार वाजले होते, ताई एका लांबलेल्या मीटिंगमध्ये बसली होती आणि तिला आईची आठवण आली. चार वेळा. आईने आधी झुरळ समजून हात झटकला, मग दिवा लावला, मग देवापुढे हात जोडले आणि मग मला फोन केला.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. दुरून स्पर्श पाठवायचे उद्योग जगात चाळीसएक वर्षं चालले आहेत. त्यांत काही भन्नाट आहेत, काही हास्यास्पद, आणि एक-दोन इतके साधे की आपल्याला आधी का सुचलं नाही असं वाटावं. पण आधी पट्ट्याच्या पोटात काय आहे ते बघू.

बोटापासून मनगटापर्यंत

ताईच्या बोटाखाली स्पर्श ओळखणारा सेन्सर असतो. फोनच्या काचेखाली असतो तसाच, फक्त एवढासा. त्याला दोनच गोष्टी कळतात: बोट कधी टेकलं आणि कधी उचललं. किती मायेने टेकलं, हे त्याच्या गावीही नसतं. ही दोन वेळांची नोंद ब्लूटूथने ताईच्या फोनमध्ये जाते, तिथून इंटरनेटने कंपनीच्या सर्व्हरवर, सर्व्हरवरून आईच्या फोनमध्ये, आणि तिथून पुन्हा ब्लूटूथने आईच्या पट्ट्यात. तिथे एक इवलीशी मोटर तेवढा वेळ चालू होते. "पोचले" एवढा निरोप धाडायला जितका मजकूर लागतो, तितकाच हा ऐवज. सातासमुद्रापार जातं ते फक्त स्पर्शाचं वेळापत्रक.

या साखळीतली एक जरी कडी झोपली तरी सगळं अडतं. आईच्या फोनला बॅटरी वाचवायची फार हौस. तो मागे चालू असलेलं ॲप गुपचूप बंद करतो. मग ताईचे स्पर्श सर्व्हरवर ताटकळत बसतात आणि आईने फोन हातात घेतला की सगळे एकदम येतात, पाऊस थांबल्यावर एकामागोमाग चार एसट्या याव्यात तसे.

मोटरीचं म्हणाल तर तिचं तत्त्व तुमच्या घरी आहेच. वॉशिंग मशीनमध्ये गोधडी एका बाजूला गोळा झाली की मशीन धडधडत जागा सोडून चालायला लागतं. स्वस्त पट्ट्यांत आणि जुन्या फोनांत नेमकं हेच मुद्दाम केलेलं असतं: मोटरीच्या दांड्याला वजन एका बाजूला लावतात, ती फिरली की सगळं उपकरण हादरतं. नव्या, जरा महागड्या उपकरणांत वजन फिरत नाही, स्प्रिंगवर मागेपुढे हलतं. त्यामुळे ते झटकन सुरू होतं, झटकन थांबतं, आणि "टक्" असा नेमका ठोका देता येतो. ॲपल वॉच २०१५ मध्ये आलं तेव्हा आपल्या हृदयाचे ठोके दुसऱ्याच्या मनगटावर धाडायची सोय त्यात होती, ती याच जातीच्या यंत्रावर. स्पर्शाची जाणीव करून देणाऱ्या या सगळ्या तंत्राला हॅप्टिक म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ स्पर्शाशी संबंधित.

कातडीला काय काय कळतं

मराठीत मायेच्या स्पर्शाला किती क्रियापदं आहेत ते एकदा मोजून बघा. थोपटणं, कुरवाळणं, गोंजारणं, कवटाळणं, बिलगणं, पाठीवर हात फिरवणं, डोक्यावर हात ठेवणं, गालगुच्चा घेणं, कानशिलावर बोटं मोडणं. आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही. नापास होऊन आलेल्या पोराचा कोणी गालगुच्चा घेत नाही. हा फरक नुसता रीतीरिवाजाचा असेल असं मला वाटायचं. तो कातडीतही आहे.

आपल्या कातडीत स्पर्श टिपणारी वेगवेगळी टोकं असतात, आणि प्रत्येकाला आपापलं काम नेमून दिलेलं असतं. मर्केल नावाच्या पेशी सततचा हलका दाब, कडा आणि पोत ओळखतात. माइसनरच्या कणिका हलकी फडफड आणि हातातून काही निसटतंय हे ओळखतात. रुफिनीची टोकं कातडी ताणली गेल्याचं सांगतात. आणि खोलवर असतात पाचिनीच्या कणिका, कांद्यासारखे पापुद्रे असलेल्या, साध्या डोळ्यांनीही दिसतील एवढ्या. १८३१ मध्ये इटलीतल्या पिस्तोया गावी वैद्यक शिकणाऱ्या फिलिप्पो पाचिनी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मृतदेहाच्या हाताचं विच्छेदन करताना त्या दिसल्या. (याच पाचिनीने पुढे १८५४ मध्ये कॉलऱ्याचा जंतू पाहिला, ज्याला त्या शोधाचं श्रेय मिळालं त्या रॉबर्ट कॉखच्या तीस वर्षं आधी, आणि तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. पण ते असो.) दाब पडल्यावर मज्जातंतूत वीज उठते तरी कशी, याचा उलगडा तर अगदी अलीकडचा. आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये पिएझो नावाची प्रथिनं शोधली. दाबाने उघडणारी ती दारंच म्हणा. या कामासाठी पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तापमानाची जाणीव उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत विभागून.

आता पाचिनीच्या कणिकांकडे परत येऊ, कारण सगळं दुकान त्यांच्यावर चालतं. सेकंदाला २०० ते ३०० वेळा होणाऱ्या कंपनाला त्या विलक्षण तयार असतात. फोनमधल्या मोटरीही साधारण याच टापूत हलतात. थोडी वीज, छोटी मोटर, आणि जाणीव मात्र ठसठशीत. कंपन्यांना याहून काय हवं? अडचण एकच आहे. सेकंदाला दोनशे वेळा हलणारं माणूस आपल्या ओळखीत नसतं. ही थरथर मायेच्या कुठल्याच क्रियापदात बसत नाही.

उलट ती दुसऱ्याच कशात तरी बसते. अमेरिकेत मॅथ्यू हर्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन अनोळखी माणसं, मध्ये आडोसा. एकाने आडोशातून हात पुढे करायचा, दुसऱ्याने फक्त त्या हाताला स्पर्श करून एक भावना कळवायची. बोलायचं नाही, बघायचं नाही. राग, भीती, किळस, प्रेम, कृतज्ञता आणि सहानुभूती या सहा भावना लोकांनी अंदाजपंचे ओळखल्या असत्या त्याहून कितीतरी जास्त वेळा बरोबर ओळखल्या. लोक स्पर्श कसा करतात तेही नोंदलं होतं. सहानुभूतीसाठी लोक थोपटत होते, हात फिरवत होते. प्रेमासाठी कुरवाळत होते. आणि भीती कळवायला? थरथरत होते.

मराठीत तर हे सांगायचीही गरज नाही. थरथर हा शब्दच भीतीचा आणि थंडीचा. आई रात्री दोनला घाबरली तेव्हा तिने निरोप चुकीचा वाचला असं मी समजत होते. मोटरीने जे लिहिलं होतं ते तिने बरोबरच वाचलं होतं.

हात फिरवण्याचा वेग

आता अवघड क्रियापदाकडे. कुरवाळणं.

स्वीडनमधल्या उप्साला इथे कार्ल-एरिक हागबार्थ आणि ओके वाल्बो यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी एक पद्धत बसवली. जाग्या माणसाच्या मज्जातंतूत केसासारखी बारीक सुई घालून त्यातून जाणारे एकेका तंतूचे संदेश ऐकायचे. या पद्धतीने पुढे माणसाच्या केसाळ कातडीत, म्हणजे हाताच्या वरच्या बाजूला, पाठीवर वगैरे, एक वेगळाच तंतू सापडला. स्पर्शाचे नेहमीचे तंतू चपळ, सेकंदाला पन्नासएक मीटर धावणारे. हा मात्र रमतगमत जाणारा, सेकंदाला जेमतेम एक मीटर. मनगटावरून निघालेली त्याची बातमी मेंदूत पोचायला सेकंदभर लागतो. घाईच्या कामाचा नाहीच तो. त्याला सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात.

त्याला आवडतं काय? कातडीवरून सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने फिरणारा हलका हात. त्याहून जोरात फिरवा, तो गप्प होतो. एकाच जागी ठेवा, गप्प होतो. शिवाय फिरणारी वस्तू कातडीइतकीच, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सियस, उबदार असेल तर तो सगळ्यात खूश. थोडक्यात, कोपरापासून मनगटापर्यंत हात फिरवायला पाचसात सेकंद लावणारी आजी. ही माहिती मी आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "याला सुया कशाला टोचायला हव्या होत्या?"

सुयांनी जे कळलं नसतं ते एका रुग्ण बाईंमुळे कळलं. मज्जातंतूंच्या आजाराने त्यांचे स्पर्शाचे चपळ तंतू निकामी झाले होते, मंद तंतू शाबूत होते. शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये लिहिलं, की त्यांच्या हातावरून मऊ ब्रश फिरवला तर त्यांना काहीतरी अंधूक, पण सुखद जाणवायचं. तळहातावर मात्र काहीच नाही, कारण तळहातावर हे तंतू जवळजवळ नसतातच. म्हणजे "काय लागलं, कुठे लागलं" हे सांगणारी टपाल खात्याची एक शाखा, आणि "बरं वाटलं" एवढंच सांगणारी दुसरी, अशी विभागणी निसर्गाने करून ठेवली आहे. मनगटी पट्टा पहिल्या शाखेत पत्र टाकतो. दुसरीकडे त्याचा पत्ताच नाही.

मग एकाच जागी चिकटलेल्या यंत्राने फिरणारा हात कसा आणायचा? इथे कातडीला थोडं फसवावं लागतं. १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या गेल्डार्ड आणि शेरिक यांनी एक गंमत दाखवली. मनगटाजवळ पटापट काही टिचक्या आणि लगेच कोपराजवळ काही टिचक्या दिल्या, तर माणसाला त्या दोनच जागी जाणवत नाहीत. मनगटापासून कोपरापर्यंत एखादा ससा टुणटुण उड्या मारत गेला असं वाटतं. मधल्या, जिथे कोणी हातही लावला नाही त्या कातडीवरसुद्धा! मेंदू मोकळी जागा स्वतःच भरून काढतो. या भोळेपणावर पुढचं बरंच तंत्र उभं आहे. स्टॅनफर्डमध्ये हेदर कलबर्टसन, ॲलिसन ओकामुरा वगैरेंनी २०१८ मध्ये हातात घालायची एक बाही दाखवली. तिच्यात थरथरणाऱ्या मोटरी नव्हत्या. एका रांगेत बसवलेली छोटी बटणं कातडीत हलकेच दाबली जायची, एक सुटायच्या आत पुढचं दाबलं जायचं. हातावरून काहीतरी सलग सरकत गेल्यासारखं लोकांना वाटलं. जॉन रॉजर्स यांच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये कातडीला चिकटणारी, तार आणि बॅटरी दोन्ही नसलेली एक मऊ पट्टीच बनवली, तिच्यात ३२ कंपक. समोरच्याने टॅबलेटच्या पडद्यावर बोटाने जी रेघ ओढावी, ती इकडे कातडीवर उमटते.

हे सगळं प्रयोगशाळेत छान चालतं. बाजारात मिळणारे पट्टे अजून थोपटण्यापर्यंतच आले आहेत. त्याचं कारण आता कळलं असेल: थोपटणं म्हणजे मुळात ताल, आणि ताल म्हणजे फक्त वेळ. वेळापत्रक पाठवणाऱ्या यंत्राला ते जमतं. कुरवाळण्यात वेग आहे, ऊब आहे, मऊपणा आहे, सरकणं आहे, आणि यांतलं एकही वेळापत्रकात बसत नाही.

मिठीची यंत्रं, आणि एक कोंबडी

ऊब आणि दाब यांच्या मागे लागलेली मंडळी मिठीकडे वळली. फ्रान्सेस्का रोसेला आणि रायन गेन्झ यांच्या क्यूटसर्किट या कंपनीचा हग शर्ट २००६ मध्ये टाइम साप्ताहिकाने वर्षातल्या उत्तम शोधांत घेतला. अंगात घालायचा, स्वतःला मिठी मारायची, की ती कुठे आणि किती घट्ट होती हे ब्लूटूथने फोनला कळून दुसऱ्याच्या शर्टात उमटतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात एड्रियन चिओक यांच्या गटाने याहून विचित्र ठिकाणाहून सुरुवात केली. त्यांनी कोंबडीला कंपनं देणारं जाकीट घातलं, आणि माणूस दूर बसून कोंबडीच्या आकाराच्या बाहुलीवरून हात फिरवेल तसा तो कोंबडीपर्यंत पोचवला. हसू नका. त्यातूनच पुढे लहान मुलांसाठी हवा भरून फुगणारा आणि गरम होणारा पायजमा-सदरा निघाला. ऑफिसातल्या आईबाबांनी तिकडे बाहुलीला दाबायचं, घरी मुलाला मिठी.

चुंबनाचीही यंत्रं झाली. २०२३ मध्ये चीनमधलं सिलिकॉनच्या ओठांचं, फोनला जोडायचं एक यंत्र समाजमाध्यमांवर बरंच गाजलं. त्याचे फोटो पाहिले तर जास्त बोलावंसं वाटत नाही. माणसाच्या अवयवाची नक्कल जितकी हुबेहूब करायला जावं तितकी ती बुजगावण्यासारखी होते, असं माझं मत झालंय.

याच्या अगदी उलट टोकाला जपानमधला हगवी. माणसासारखे यंत्रमानव बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हिरोशी इशिगुरो यांनीच तो केला, आणि तो आहे काय, तर माणसाच्या ढोबळ आकाराची एक उशी. डोक्याच्या जागी फोन ठेवायला खिसा. उशीला कवटाळून बसायचं आणि फोनवर बोलायचं. आवाज कानाशी, दाब छातीशी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या प्रयोगात पंधरा मिनिटं उशी कवटाळून फोनवर बोललेल्या लोकांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. नुसत्या फोनवर बोललेल्यांत तसं झालं नाही. उशीत स्पर्श पाठवणारं काहीही नाही, हे लक्षात घ्या. पलीकडच्या माणसाने काही दाबलं नव्हतं.

असंच काहीसं कोविडच्या दुसऱ्या वर्षी ब्राझीलमध्ये झालं. साओ कार्लोस शहरातल्या परिचारिकांनी रबरी हातमोज्यांत कोमट पाणी भरून गाठ मारली आणि असे दोन मोजे रुग्णाच्या हाताला वरून-खालून बांधले. हेतू थंड पडलेल्या हातात रक्त खेळतं ठेवण्याचाही होता. पण कोणीतरी हात हातात घेतलाय असं रुग्णाला वाटावं, हाही होता. एक मोटर नाही, एक सेन्सर नाही. ऊब आणि दाब, बस्स.

कपाट उतरवताना

आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या यंत्रांत एक लबाडी आहे. खऱ्या स्पर्शात जो हात लावतो त्यालाही हात लागतो. मी आईच्या खांद्यावर हात ठेवला की तिचा खांदा किती वाळलाय हे मला कळतं. पट्टा हे परत आणत नाही. ताईच्या बोटाला प्लास्टिकच लागतं.

दोन्ही बाजूंना एकाच वेळी जोर जाणवावा, असे प्रयत्न झालेत. १९८६ मध्ये नॉर्मन व्हाइट आणि डग बॅक या कॅनडातल्या कलावंतांनी टोरँटो आणि पॅरिस यांच्यात फोनच्या तारेवरून पंजा लढवायचं यंत्र मांडलं होतं. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये १९९० च्या दशकाअखेरीस स्कॉट ब्रेव्ह आणि अँड्र्यू डेली यांनी तीन-तीन लाटण्यांच्या दोन चौकटी केल्या. इकडचं लाटणं फिरवलं की तिकडचं फिरतं, आणि तिकडच्याने अडवून धरलं की इकडेही अडतं. या साऱ्या मंडळींत मला हेच सगळ्यात हुशार वाटतात. त्यांनी हाताची नक्कल केली नाही, दोघांच्या मध्ये एक वस्तू ठेवली. २००२ मध्ये तर एमआयटीत मंदायम श्रीनिवासन आणि लंडनमध्ये मेल स्लेटर यांच्या गटांनी अटलांटिकच्या दोन काठांवरच्या दोन माणसांना पडद्यावरचा एक ठोकळा मिळून उचलायला लावला. एकाने ढकललं की दुसऱ्याच्या बोटाला ते जाणवत होतं.

पण इथे अंतर आडवं येतं, आणि ते पैशाने कमी होत नाही. जिना उतरताना दोघांनी धरलेलं कपाट आठवा. खालच्याने "थांब" म्हटलं आणि वरच्याला ते अर्ध्या सेकंदाने ऐकू आलं तर काय होईल? जोराची देवाणघेवाण करणाऱ्या यंत्रांचं तेच होतं: एक ढकलतो, दुसऱ्याचं उत्तर उशिरा येतं, तोवर पहिला आणखी ढकलतो, आणि यंत्र झोकांड्या खाऊ लागतं. म्हणून ही यंत्रं सेकंदाला हजार वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा, हिशेब जुळवतात. आता काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. एका मिलिसेकंदात जाऊन परत यायचं तर पल्ला फक्त शंभर किलोमीटर. पुण्याहून निघालेली मिठी पनवेलच्या आसपास पोचून मागे फिरते. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, तेव्हा तिथे जाऊन येणं सव्वाशे मिलिसेकंदांच्या आत शक्यच नाही, आणि समुद्राखालच्या तारा सरळ रेषेत जात नाहीत. फाइव्ह-जी आलं म्हणून किंवा सिक्स-जी येईल म्हणून प्रकाश घाई करणार नाही. संगणकाने पलीकडच्याच्या हालचालीचा अंदाज बांधून वेळ मारून न्यायची, एवढाच मार्ग उरतो. मग आपल्याला जाणवतो तो हात अंशतः संगणकाचा.

थोपटण्याला मात्र उशिराचं काही वाटत नाही. सगळे ठोके सारख्याच उशिराने आले की ताल तोच राहतो.

कोणाचा हात?

एवढं सगळं अपुरं असताना लोक हे पट्टे का घालतात, याचं थोडं उत्तर २०१२ च्या एका प्रयोगात आहे. काही पुरुषांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून त्यांच्या पायावरून हात फिरवला गेला. डोळ्यांसमोरच्या चित्रफितीत कधी हात फिरवणारी बाई दिसायची, कधी पुरुष. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी हात त्याच एका बाईचा होता. तरीही मेंदूचा जो भाग स्पर्शाची बातमी आल्या आल्या पहिल्यांदा नोंदतो, तिथेच फरक दिसला. म्हणजे आधी निखळ स्पर्श जाणवतो आणि मग आपण त्याला अर्थ चिकटवतो, असं नाही. कोणाचा हात हे माहीत असणं स्पर्शातच मिसळलेलं असतं.

आईच्या पट्ट्यात आणि माझ्या फोनच्या गजरात जवळपास तीच मोटर आहे. गजराने मला उठावंसं वाटतं, पट्ट्याने आईला ताई वाटते. अर्धं काम मोटर करते, उरलेलं आई करते. उशीचंही तेच.

पण म्हणूनच हे पट्टे घेताना दोन गोष्टी बघाव्यात. एक, कंपनी बंद पडली तर सर्व्हर बंद पडतो आणि मनगटावर रबराचा तुकडा उरतो. दुसरी जास्त नाजूक. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळ स्पर्श केला याची यादी त्या सर्व्हरवर साठते. कॅनडातल्या स्टँडर्ड इनोव्हेशन या कंपनीची ॲपवर चालणारी, जोडप्यांच्या खासगी आयुष्यातली उपकरणं अशीच गुपचूप नोंदी धाडत होती. २०१७ मध्ये अमेरिकेतला दावा मिटवायला कंपनीला साडेसदतीस लाख डॉलर मोजावे लागले. आणखी एक गोष्ट आहे, पण ती बघायची नसते, ठरवायची असते: रात्री पट्टा काढून ठेवला म्हणून कोणी रुसायचं नाही. हात झटकायचा हक्क दुरूनही हवा.

आमच्याकडे दोनचा तो फोन झाल्यावर वेळ ठरली. सांगलीत सकाळचे साडेसहा, म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे नऊ. आणि आईने दिशाच उलटी केली. आता तिकडचा पट्टा ताईच्या मनगटावर नसतो, तिच्या तीन वर्षांच्या मुलाच्या दंडावर असतो. आई चहा झाला की खुर्चीत बसते आणि स्वतःच्या पट्ट्यावर बोटाने थोपटते, आम्हाला थोपटायची तसं, चार संथ आणि मग एक थांबा. त्याने तो झोपतो का? ताई प्रामाणिकपणे सांगते, की नाही. पण नऊ वाजले की पट्टा घेऊन येतो आणि बांध म्हणतो.

परवा त्यांचं वायफाय मध्येच गेलं. दहा मिनिटांनी परत आलं तेव्हा अडकलेल्या सगळ्या थापट्या एकदम त्याच्या दंडावर पडल्या. तो पलंगावरून उतरला आणि "आजीने धपाटा घातला, आजीने धपाटा घातला" असं ओरडत घरभर नाचला. त्या रात्री त्याला झोपायला साडेअकरा वाजले.